चौथी चौकट

सोहारच्या औद्योगिक वसाहतीत, टायरवाल्यांच्या गल्लीमागे
गुल वलीची लाकडाची वखार.
सकाळचे सात वाजलेत
आणि फाटकाचा पत्रा आत्ताच हात लावू देत नाही.

आमच्या अंगणातली माती मी चाखून बघितलीय. खारट.
मुळ्याची पानं कडेनं करपतात,
अळू तर रुसूनच बसतं.
म्हणून जमिनीपासून हातभर उंच वाफा,
चार फळ्यांच्या कुशीत विकतची माती.

"सागवान?" गुल वली विचारतो, विचारायचं म्हणून.
फळीला बावीस रियाल.
मी हसते. तोही हसतो.
"पाइन?" साडेतीन. नवी, पिवळी, राळेच्या वासाची.
"तीन उन्हाळे," तो बोटं दाखवतो, "फिर दीमक,"
आणि वाळवीचा आवाज तोंडानं काढून दाखवतो,
कुरकुर, कुरकुर.

कोपऱ्यात बंदरावरून आलेली पॅलेटं,
पाचशे बैशाला एक.
मी एकेक उलटून शिक्का शोधते.
एच.टी. म्हणजे भट्टीत तापवलेलं, चालेल.
एम.बी. म्हणजे विषारी धुरीत कोंडलेलं,
त्यात मेथी पेरू नये.
एकावर आय.एन. असंही होतं.
काय लादून आलं असेल, कांदे की फरश्या?
परत न्यायला परवडत नाही
म्हणून ती इथेच राहतात, गुल वली म्हणाला.
मी तेही बाजूला ठेवलं.
त्याहून जास्त विचार नाही केला.

"आप कितने साल हो इधर?"
त्याला फक्त फळीची जाडी ठरवायची होती.
"दो," मी म्हटलं.
जीभ सवयीनं दोनच म्हणते.
व्हिसा दोन वर्षांचा, सुहासचं कंत्राट दोन वर्षांचं,
दोन वर्षांसाठी सागवान कोण घेतं?

फळ्या डिकीत सरकवताना हिशेब लागला.
पहिली चौकट केली तेव्हा ऋजुता रांगत होती,
वाफ्यातली माती खायची.
दुसरी वाळवीनं नेली.
तिसरी वादळाच्या पाण्यात तरंगत
हमदानच्या दारात जाऊन लागली,
वांग्याच्या रोपासकट.
त्यानं ती वांगी आम्हाला आणून दिली.
ही चौथी.
आणि ऋजुता परवा
माझ्या चपला घालून बघत होती, तिला लहान होतात.

मी डिकी उघडी ठेवूनच परत आत गेले.
भिंतीला टेकून एकच फळी होती,
मोडलेल्या गलबताची, सागाची,
खिळ्यांच्या भोकांभोवती काळे डाग,
एका काठावर उडालेला निळा रंग.
नऊ म्हणाला. मी पाच म्हटलं.
सातला आला, वर चहा पाजला.

शुक्रवारी सुहासनं चौकट ठोकली.
तीन बाजू पॅलेटच्या, पाऊण इंची,
चौथी ही, चांगली दोन इंच जाड.
पाणसळ ठेवून तो मान हलवत राहिला,
"मेळ बसत नाही गं."
"मी बसेन की," मी म्हटलं
आणि बसलेच.

जवसाचं तेल अजून ओलं होतं.
गाऊनला डाग पडला,
दोनदा धुतला,
जात नाही.