रिकाम्या गाडीचं वजन

अझहर म्हणाला, पॅनल सहा हजार दोनशे,
तेही या मॉडेलचं मिळालं तर.
एम. जी. रोडच्या अरुंद गाळ्यात त्याने झाकण उघडलं, मिटलं,
आणि 'च्' केलं,
जसं डॉक्टर करत नाहीत, शेजारी करतात.
मी म्हटलं, सात तारीख जाऊ दे.

पडला द्वारकेच्या चौकात, स्कूटीवरून. एवढंच.
आता पडदाभर शाई सांडल्यासारखी पसरलीय.
डावीकडे दोन बोटं रुंद पट्टी जिवंत आहे,
तिच्यात एखादा काना येतो,
त्याचं अक्षर येत नाही.
आतूनही तो बिघडलेलाच होता, पडण्याच्या आधीपासून:
सुरू होताना तीनदा गचके, मग गप्प.
घरमालकांच्या टीव्हीला वायर लावून पाहिली.
टीव्ही म्हणाला, सिग्नल नाही.
घरमालक म्हणाले, मॅच आहे.

मी आडगाव नाक्यावर वजनकाट्यावर बसते, पावत्या फाडते.
रात्री दोननंतर गाड्या विरळ होतात.
तेव्हा ऑफिसच्या कॉम्प्युटरला पेनड्राइव्ह लावला
आणि शेवटच्या एंटरच्या अलीकडपर्यंत जाऊन आले,
एकेक बटण मोजत.
पावतीच्या पाठीवर लिहून घेतलं:
एफ बारा. खाली दोनदा. एंटर.
शंभर आकडे मोज.
टॅब टॅब टॅब टॅब, स्पेस.
इथे घाई नको.
पुढच्या बाजूला छापलेलं होतं
भरलेली, रिकामी, निव्वळ.

बिटकोजवळच्या टायपिंग क्लासात
कुलथेबाई आमच्या हातांवर बुटांचा खोका पालथा ठेवायच्या.
नजर कागदावर, बोटं घरी, म्हणायच्या.
परीक्षेत मी नापास झाले होते, मराठी तीसला.
पण बोटांना कोणी निकाल सांगितला नसावा.

सिडकोच्या खोलीत, दार लावून, सुरुवात केली.
पहिल्यांदा शेजारच्या कुकरची शिट्टी झाली
आणि चौथा टॅब की पाचवा, हरवलं.
बटण दाबून धरलं, मारून टाकला, पुन्हा.
दुसऱ्यांदा आईचा फोन. उचलला नाही, तरी आकडा गेला.
तिसऱ्यांदा मोठ्याने मोजलं,
गाडी मागे घेताना क्लीनर ओरडतो तसं:
येऊ दे, येऊ दे, येऊ दे, बस.

'बस'पाशी हात थांबला.
यापुढचा एंटर सगळं पुसतो.
आत एक फोल्डर होतं, नाव 'नंतर'.
बी.एड.चा अर्धा भरलेला फॉर्म,
सोमेश्वरच्या धबधब्यावर काढलेले अकरा फोटो,
त्यातल्या नऊंत तो,
आणि त्याला लिहिलेलं, न पाठवलेलं एक पत्र, चार वेळा सेव्ह केलेलं.
कोणी विचारलं तर सांगेन, कॉपी करायची राहिली.
राहिली नव्हती.

एंटर.

काही झालं नाही.
म्हणजे झालं असेल, मला दिसलं नाही.
पंखा मोठ्याने फिरायला लागला,
तळवा ठेवला तर पोटाशी गरम.
बराच वेळ तेवढ्यावरच विश्वास ठेवून बसले.
मग पट्टीत तीन अक्षरं आली, के ओ एल:
कोलकाता.
आडगावची वेळ तिकडून येते म्हणे.
मी मान डोलावली, अंधाऱ्या पडद्यापुढे, उगाचच.

पहाटे चारला कॅप्स लॉक दाबलं.
कडेचा तांदळाएवढा दिवा लागला.
दाबलं, विझला.
दाबलं, लागला.
असं मी किती वेळा केलं ते कुठे लिहिलेलं नाही.

दुपारी ड्यूटीवर, काट्यावर कोणी नव्हतं,
म्हणून बॅग घेऊन स्वतःच उभी राहिले, मधोमध.
खिडकीच्या काचेतून आकडा दिसतो: साठ.
बॅग बाहेर ठेवून पुन्हा उभी राहिले.
साठच.
दहा किलोच्या आतलं आमच्या काट्याला कळत नाही.

मागे कांद्याचा ट्रक येऊन उभा होता.
ड्रायव्हरने हॉर्न दिला,
ओ मॅडम,
उतरा की.