अधिक तास

ओझबाल्टचा फोन आला तेव्हा
मी सशाच्या चौथ्या पायापाशी होते.

फळी हातभर लांब, वीतभर रुंद,
मधपेटीच्या तोंडावर ठोकायची.
स्लोव्हेनियात पूर्वापार काढतात तेच चित्र :
शिकाऱ्याची अंत्ययात्रा.
खांदेकरी अस्वलं, पुढे कोल्हा कंदील धरून,
हरणं रडतायत, पण हसू लपत नाही.
ससा सगळ्यात मागे.
त्याला अजून खरं वाटत नसावं.

“त्याशा, तुझं यंत्र म्हणतंय
सातव्या पेटीतल्या सगळ्या वारल्या.”

आमच्या बोलीत कोंबडी मरते, गाय मरते,
मधमाशी मात्र वारते, माणसासारखी.
म्हणून तो म्हातारा पहाटे तीनला
पायजम्यावर कोट चढवून टेकडी चढला,
पेटीला कान लावून उभा राहिला दहिवरात.
“गुणगुणतायत गं, तूच ऐक,”
आणि फोन पेटीला टेकवला.

मी ऐकत राहिले.
ब्रशवरचा निळा सुकून गेला.

कंपनी म्हणजे मी.
विक्री मी, तक्रारखिडकी मी, झाडूही मीच.
बेगुन्येच्या आसपासचे त्रेचाळीस मधपाळ,
दोनशे सोळा वजनकाटे,
आणि पोटमाळ्यावर एक टेबल :
या टोकाला कीबोर्ड, त्या टोकाला जवसाचं तेल.
मधे चाकांची खुर्ची.
आई म्हणते, एक ना धड, भाराभर चिंध्या.
आई बरोबरही असेल.

तीन रात्री खुर्ची कीबोर्डापाशीच.
लॉग वाचले ओळीन् ओळ, खडे निवडावेत तसे.
बॅटरी? भरलेली.
सिग्नल? डोंगराआडून का होईना, होता.
लोक सांगतात, हात रंगात असले की उत्तर आपोआप सुचतं.
मला नाही सुचत.
रंगवताना मला रंगच सुचतो,
म्हणून तर रंगवते.

चौथ्या दिवशी, दात घासताना, तारीख दिसली.

ऑक्टोबरचा शेवटचा रविवार.
त्या रात्री तीन वाजले की घड्याळं मागे घेतात,
दोन ते तीन पुन्हा एकदा येतात,
अधिक महिना असावा तसा अधिक तास.
बाकीचे काटे जगाची वेळ सांगतात.
सातवीखालचा माझा पहिला,
स्वयंपाकघरात हाताने जोडलेला,
तो गावचीच वेळ सांगतो.
त्याने तो तास इमानाने पुन्हा मोजला.
प्रोग्राम म्हणाला, ही वेळ तर होऊन गेली,
आणि वजनं फेकून दिली.
मग तासभर काही दिसेना, म्हणून शून्य लिहिलं.
शून्य म्हणजे वारल्या.

कोडात तिथेच एक टीप होती, माझ्याच हातची,
तीन वर्षांपूर्वीची, ठाम :
“एक वेळ दोनदा येत नाही.”

दुसऱ्या कुणाला शिव्या द्याव्यात
तर दुसरं कुणी नाही.

आणि त्या तासात मी काय करत होते?
भिंतीवरचं घड्याळ स्वतः मागे घेतलं होतं,
फुकटचा तास मिळाला म्हणून खूश होते.
सशाचे तीन पाय त्याच तासातले.

वजनं काट्याच्या पोटात शाबूत होती.
एकेक परत लावली.
त्या नसलेल्या तासात सातवी पेटी
दहा ग्रॅमने हलकी झाली होती.
आत कुणीतरी जागं राहून खात होतं.

फळी ओझबाल्टने सातवीलाच ठोकली.
मागे सरकून बघितली, चष्मा पुसून पुन्हा बघितली.
“ससा लंगडा का गं?”

“तिथे तुमचा फोन आला,” मी म्हटलं.