मर्डोचे हात

आमच्या बेटाच्या फेरीबोटीला एकच तोंड.
मोठी बोट इथल्या धक्क्याला लागत नाही,
म्हणून गाड्या चढतात त्या उलट्या,
ओल्या सिमेंटच्या उतारावरून, शेवाळ चुकवत,
आणि पलीकडे ओबनला उतरतात सरळ, शहाण्यासारख्या.

म्हणजे ज्याला मागे जाता येत नाही
त्याला इथून बाहेर पडता येत नाही.
हे मर्डो मॅकफेल म्हणाला
आणि नाक शिंकरलं त्याने, जणू हवामान सांगितलं.

एकतीस वर्षं बोटीवर उभं राहून
त्याने गाड्या मागे घेतल्या, नुसत्या हातांनी.
ये. ये. डावीकडे. अजून. बस.
स्वतःची गाडी त्याच्याकडे कधीच नव्हती.
लायसनही नाही. क्लच त्याला ऐकून माहीत.
तरी आईने मला त्याच्याकडेच पाठवलं,
जुन्या दगडखाणीत,
जिथे पोलीस येत नाहीत आणि मेंढ्या येतात.

आत्याची निळी हॅचबॅक,
माझ्याहून चारच वर्षांनी लहान.
गिअरच्या दांड्याला गळ्याशी एक कडी,
ती दोन बोटांनी उचलल्याशिवाय रिव्हर्स पडत नाही.
पहिल्या दिवशी मला कडीच सापडली नाही.
दुसऱ्या दिवशी सापडली, आणि मी
थेट हेक्टरच्या लॉबस्टरच्या पिंजऱ्यांवर.
सतरा पिंजरे. त्याने मोजून बिल दिलं.

“चाक उलटं फिरतं,” मी रडत म्हणाले.
“चाक नाही फिरत उलटं,” मर्डो म्हणाला,
“तू वळून बसलीयस.”

मग तीन आठवडे तो माझ्या मागे उभा.
मागच्या काचेत एक पिवळा रेनकोट, दोन हात,
आणि हातांच्या मधोमध एक चेहरा
ज्यावर काहीच लिहिलेलं नाही.
रोज संध्याकाळी मी टनभर लोखंड घेऊन
त्या म्हाताऱ्याच्या अंगावर जायची.
तो सरकायचा नाही.

पुस्तक म्हणतं, क्लच सावकाश सोडा.
सावकाश म्हणजे किती,
ते मला त्याच्या गुडघ्यांनी सांगितलं,
बंपरपासून हातभर.
हाफ क्लचवर गाडी धाप लागल्यासारखी थरथरायची,
काहीतरी जळायचं.
“वास येतोय,” तो ओरडायचा, “फार विचार करतेयस!”

एकदा विचारलं, भीती नाही वाटत?
म्हणाला, एक व्हॅन होती, अठ्ठ्याण्णव साली.
बस म्हटलं तरी येत राहिली.
डाव्या पायाकडे बघितलं
आणि मला पुन्हा पहिल्यापासून घ्यायला लावलं.

परीक्षा ओबनला. परीक्षकाने
जेमतेम दोन गाड्यांइतकं मागे घ्यायला सांगितलं.
मला हसू आलं.
त्याने तेही कागदावर लिहिलं की काय, ठाऊक नाही.

सोमवार. सव्वासातची बोट.
डिकीत गादी, वायरी तपासायची नवी पेटी,
आणि आईने दिलेले बटाटे, जणू इन्व्हर्नेसला
जमिनीखाली काही उगवतच नाही.
बोटीवर आता फिनले असतो, माझ्या वर्गातला,
हात असे हलवतो जणू माश्या हाकलतोय.
मी त्याच्याकडे बघितलंच नाही.
कडी उचलली. डावा आरसा, उजवा आरसा,
शेवाळाची कड, पाण्याची कड,
मागची चाकं लोखंडावर चढली, ठण्ण,
मग पुढची.
हँडब्रेक.

मान वर केली तर सगळं बेट समोर.
जाणाऱ्यांची तोंडं इकडे असतात,
हे इतकी वर्षं धक्क्यावरून बघूनही
कधी लक्षात आलं नव्हतं.
उताराच्या माथ्यावर मर्डो,
पहिल्यांदाच माझ्या पुढे.

त्याच्या हातांना मुळात एकच खूण येते.
ये. ये.
आज त्या जागेवरून केली असती
तर भलताच अर्थ झाला असता.
म्हणूनच असेल,
दोन्ही हात रेनकोटच्या खिशात, कोपरापर्यंत.

फिनलेने काचेवर टकटक केलं,
“गिअरमध्ये ठेव गं, आज लाटा आहेत.”