फणसाची फळी

बार्शेच्या मांडावर शेवंतू वेळीप गाते
तेव्हा भाऊ सात असतात, आणि बहीण मेलेलीच असते.
तिने लावलेला फणस ते तोडतात, होडी बांधतात,
होडी काही केल्या पाण्यात उतरत नाही.
फळी बोलते: आधी माझं नाव घ्या.
सहाजण घेतात. सातव्याला आठवत नाही.
इथे शेवंतू थांबते, पानाला चुना मागते,
पुढचं गात नाही.

हेच गाणं मला कुडतरीत आपोलीनकडे सापडलं.
तिच्या पूर्वजांच्या डोक्यावर पाणी पडलं
त्या वर्षीच कधीतरी साताचे तीन झाले असावेत.
फणस मात्र तोच.
फळी आता नाव मागत नाही, मेणबत्ती मागते.

आपोलीनचा दीर जुझे मिंगेल तारवटी.
बॉयलरच्या घरघरीत गुणगुणत
त्याने ते आफ्रिकेत बैरापर्यंत नेलं,
आणि तिथे फणसाचा काजू झाला.
काजूच्या लाकडाची होडी!
मी हसले. कुठलाही सुतार हसेल.
शेवंतू हसली नाही.
"तिणें थंय काजूच रोयल्लो आसतलो," म्हणाली.

मग स्विंडनहून त्याच्या नातीने फोनवर पाठवलं,
चाळीस सेकंदांचं.
भाऊ एकच उरलाय. झाड नाही, पाणी नाही.
फळीला ती दार म्हणते,
शब्द कळला नसेल पोरीला.
दारावर आतून कुणीतरी ठोकतं,
भाऊ उघडतो,
बहीण बाहेर येते. ओली. जिवंत.
मागे किटली शिटी देतेय.

वहीत मी त्यापुढे लाल शाईने लिहिलं होतं: चूक.

तरी शेवंतूला ऐकवलं,
चुलीपुढे, फोन तिच्या कानाला लावून.
परत लाव म्हणाली.
परत.
लाकूड पुढे सारलं, राख झटकली.
"चुकलें न्हय गो," म्हणाली, "पावलें."

यंदा पौषात धालोच्या शेवटच्या रात्री
भाऊ सातच होते.
होडी अडली, सहाजणांनी नाव घेतलं.
सातव्यापाशी शेवंतू थांबली.
चुना मागितला नाही.
वाकली,
आणि सारवलेल्या जमिनीवर
बोटाच्या पेराने दोनदा ठोकलं.

रांगेतल्या पोरींचं
एक पाऊल चुकलं.