वेगळं बिऱ्हाड

पार्नूच्या आमच्या कचेरीत माणसं पाच
आणि क्लाउडवर जागा एकच, सामाईक.
नदीचा आवाज टिपतो आम्ही,
बर्फ धरताना, बर्फ सोडताना,
आणि मधले चार महिने ती काहीच बोलत नाही तेव्हासुद्धा.

उर्वे आज सोडून चालली.
भांडण नाही, निवृत्ती नाही.
"पुरे झालं," एवढंच म्हणाली
आणि राईच्या पावाला लोणी फासत राहिली.

चाव्या माझ्याकडे. म्हणून तिचं खातं मीच सोडवायचं,
टीममधून काढून एकटीचं करायचं.
पडदा विचारतो : सदस्याला वगळायचं?
मी खुर्ची जराशी वळवतो,
तिला तो शब्द दिसू नये म्हणून.

आधी घरचा ईमेल हवा.
आहे एक, दोन हजार चार सालचा,
पासवर्ड कुणाला आठवतोय.
लहानपणीच्या कुत्र्याचं नाव सांगा.
"पोन्तु." नाही.
"मुरी." नाही.
मग बराच वेळ खिडकीबाहेर बघून
तिनं तिसरं नाव स्वतःच टाइप केलं.
"शेजाऱ्यांचा होता तो," म्हणाली,
"पण मी माझाच सांगायचे."
दार उघडलं.

आता वाटणी.
अकरा वर्षं, सहाशे चाळीस जीबी.
एकट्या माणसाला फुकट मिळतात दोन.
नदी कचेरीची. पूल कचेरीचा.
पहाटे तीनला उठून तिनं टिपलेले कुरव पक्षी,
तेही कचेरीचे.
तिच्या वाट्याला पगाराच्या पावत्या,
दाताचा एक्स-रे, बीटच्या सूपची कृती
आणि कुठल्याच फोल्डरमध्ये नसलेली
'चाचणी ३'.

ऐकतो. मार्च महिना. नऊ मिनिटं काही नाही,
दोघांचे श्वास, थर्मासचं झाकण.
मग माझाच आवाज, अजून कोवळा :
"थांबायचं का आणखी?"
आणि तिचं : "श्श."
संपलं.
बर्फ तडकला तो त्यानंतर, पुढच्या फाइलमध्ये.
ती कचेरीची आहे, तिला बक्षीसही मिळालं.

मालक : उर्वे, असं लिहिलंय.
आत मी आहे, हे कुठेच नाही.
प्रत काढायला दोन टिचक्या पुरल्या असत्या.
बोट तिथवर गेलं होतं.

बिऱ्हाड हलतं तेव्हा दाराशी गाडी येते,
जिन्यात कपाट अडकतं, कुणी ना कुणी ओरडतं.
इथे नुसती निळी रेघ सरकते.
एकाहत्तर टक्क्यांवर तिनं कोट चढवला.
"होईल मागाहून," मी म्हणालो.
तिनं माझ्याशी हात मिळवला, लोण्याचा जरा बुळबुळीत.

चार वाजता यादीतलं तिचं नाव राखाडी झालं.
सुरी मात्र विसरली ती.
चहाच्या खणात आहे, आमच्या चमच्यांत.
कुणाची, असं तो खण विचारत नाही.