खारट

खोकल्याला सात आठवडे झाले.
पहिल्या आठवड्यात ते नुसतं सर्दीचं शेपूट होतं.
तिसऱ्यात शेजारच्या उबेरलिंदाबाईंनी
जळक्या साखरेत कांदा उकळून आणला.
पाचव्यात मी मोजायचं सोडलं,
सातव्यात पुन्हा धरलं :
रात्री बारा ते चार, एकोणीस उबळी,
दोनदा उलटी, एकदा हसू.

कोयाइकेच्या दरीत जुलैचा धूर
येऊन बसतो आणि उठायचं नाव घेत नाही.
नेल्सन म्हणतो, मीही याच धुरात वाढलो,
आणि म्हणता म्हणता खाकरतो.

डॉक्टर तरुण आहे, उत्तरेच्या वाळवंटाकडची.
एक्स-रे खिडकीला धरून म्हणाली, स्वच्छ.
मला वाटलं होतं हा शब्द ऐकून पाय हलके होतील.
पण स्वच्छ म्हणजे एवढंच,
की जिथे शोधलं तिथे सापडलं नाही.

मग पर्याय.
थांबून बघायचं, दोन आठवडे.
किंवा पंप, मुखवटा लावून, महिनाभर.
किंवा पुएर्तो मोन्तला विमानाने जायचं,
भूल द्यायची, नळी आत घालून बघायचं.
कधी शेंगदाणा निघतो, म्हणाली,
मणी निघतो, खेळण्याचं चाक.
दोन्ही बाजू सारख्याच वाजताहेत,
म्हणून घाई नाही.

घरी आल्यावर मी लिकानच्या लाकडी गाडीची चाकं मोजली.
तीन.
चौथं गेल्या उन्हाळ्यात कुत्र्याने नेलं,
की मला तसं आठवायचं आहे?

आणि निघताना, माझा हात दाराच्या मुठीवर असताना,
तिने सहज विचारलं होतं :
मुका घेतल्यावर बाळ खारट लागतं का?

मी म्हटलं, नाही.
मग म्हटलं, माहीत नाही.
मग म्हटलं, सगळीच बाळं थोडी खारट नसतात का?

तेव्हापासून मी त्याचा एकही धड मुका घेतलेला नाही.
ओठ टेकतात न टेकतात
तोच जीभ तपासणीला पुढे होते :
कपाळ, मानेची वळी, कानामागची जागा.
एकदा खारट लागलं,
पण तो नुकताच रडून थांबला होता. मीही.
नेल्सनला चाखायला लावलं.
तो समुद्रात सामन माशांच्या पिंजऱ्यांवर काम करतो.
म्हणाला, मला विचारू नकोस,
मला घरातलं पाणीही खारट लागतं.

रात्री आम्ही भांडलो, हळू आवाजात,
झोपलेल्या मुलाच्या घरात भांडतात तसं.
तो भूल या शब्दाशी अडला होता.
वीस महिन्यांचा आहे गं, म्हणाला,
त्याला ठाऊक असलेलं सगळं जग म्हणजे आपण दोघं,
आणि तेवढंच विसरायला लावायचं?
मी म्हटलं, आणि चाक असलं तर?
तो म्हणाला, चाक कुत्र्याने नेलं.
तू पाहिलंस?
तो गप्प.
पलीकडच्या खोलीतून ढास आली, लांबलचक,
आणि आम्ही दोघंही वाट पाहत राहिलो
तिच्यामागून येणाऱ्या श्वासाची.

मग ठरलं. ठरलं म्हणजे
पहाटे चारला कुणाच्यातच वाद घालायचं बळ उरलं नाही.
घामाची तपासणी करायची :
हातावर दोन चकत्या, थोडी वीज,
अर्धा तास कपड्यात गुंडाळून ठेवायचं, बस.
नळी आत्ता नको.
तिथे जातोच आहोत तर, असं मी म्हणणार नाही,
हे मी कबूल केलं. मनातून नाही.
पंप आजपासून.
आणि कोरडं लाकूड, दुप्पट भावाचं.
नेल्सनने वडिलांचं खोगीर विकायला काढलंय,
त्याबद्दल आम्ही बोललो नाही.

विमान गुरुवारी.

आज सकाळी चूल अजून गार होती.
पंप झाल्यावर लिकानने माझ्या हातातला मुखवटा ओढला,
दुडदुडत गेला
आणि चुलीच्या लोखंडी तोंडाला लावून धरला.
दहा श्वास मोजायचे असतात, त्याने पाहिलंय.
त्याला आकडा एकच येतो.
दोन, म्हणाला. दोन. दोन. दोन.
मध्येच खोकला,
तोंड पुसलं बाहीला,
आणि पुन्हा पहिल्यापासून, दोन.