सिम नाही, कॅमेरा नाही

दुकानदारानेच मला समजावलं आधी.
बाई, फोन आहे ना हातात?
मग या डबीत दोन हजार तीनशे कशाला घालता?
फोंड्याच्या वरच्या बाजारात, काचेच्या कपाटात
शेवटच्या दोनच उरल्या होत्या,
कॅल्क्युलेटर आणि रिमोटच्या मध्ये.
फुंकर मारून त्याने एक पुढ्यात ठेवली,
विकायचं मनात नसल्यासारखी.

घरी मुलगा हसला.
आई, सगळी गाणी आता वर असतात, म्हणाला,
आणि बोट वर केलं.
वर पंखा होता.

कुंडईच्या कारखान्यात आम्ही गोळ्यांच्या पट्ट्या तपासतो.
फोन गेटवर, नंबराच्या खणात.
माझा खण एकशे सोळा.
आठ तास तो तिथे थरथरत असतो
आणि मी आत, टोपी, मास्क, हातमोजे,
सरकत्या पट्टीवर रिकामं घर शोधत.
जेवणाची सुटी अर्धा तास.
त्या अर्ध्या तासासाठी
मी चार ओव्हरटाइम मोजून दिले.

गेटवरच्या गुरुदासने डबी उलटीपालटी केली.
कॅमेरा?
नाही.
सिम?
नाही.
नेट?
नाही.
मग ही करते तरी काय?
गाते, म्हटलं.
त्याने बराच विचार करून रजिस्टरात लिहिलं:
यंत्र, लहान, एक.

दोन हजार गाणी मावतात म्हणे हिच्यात.
मुलाच्या कॉम्प्युटरसमोर बसून
एकेक गाणं दारात उभं केलं, विचारलं,
तुझ्यावाचून माझं अडतं का?
त्र्याहत्तर निघाली.
पन्नाशी उलटली, आणि त्र्याहत्तर.
त्यातही दोन आरत्या,
सवयीने आत आलेल्या.

पिएदाद म्हणाली, एवढी जागा रिकामी आहे
तर मला दे ना थोडी.
तिचा आग्नेल स्विंडनला, गोदामात.
त्याचे निरोप तिच्या फोनात येतात,
आणि फोन खण एकशे सतरामध्ये.
मुलाने कुरकुरत उतरवून दिले, अकरा निरोप,
एक सव्वातीन मिनिटांचा,
एकात नुसता खोकला आणि मागे पाऊस.
पिएदादला तो खोकल्याचाच जास्त लागतो.
कोरडा आहे, म्हणते, कफ नाही.
डबा तसाच उघडा, सोरोकचा वास टेबलभर,
आणि ती डॉक्टरासारखी डोळे मिटून.

परवा फर्मागुडीचा चढ.
बस दुसऱ्या गियरवर कण्हत होती,
माझ्या कानात नाट्यपद, तान वरवर चाललेली,
ती संपली, आणि पुढचं गाणं म्हणून
आग्नेल आला.
मांय, जेवलें गो?
हो रे, म्हणाले मी,
इतक्या मोठ्याने की ड्रायव्हरने आरशात पाहिलं.

घरी पोचले तर मुलाचं दार लोटलेलं,
दोन्ही कानांत त्याचं ते वरचं सगळं.
जेवलास का, विचारलं.
त्याने अंगठा दाखवला.
म्हणजे जेवला, की कळलं, की जा,
ते मी दारात उभी राहून ठरवत होते.

आता पिएदादला स्वतःची हवी आहे.
घेऊ का गं? परवडेल का?
मी खोटं सांगितलं नाही.
उजवा कान महिन्यातच गेला.
बटण दोनदा दाबावं लागतं.
बिघडली तर दुरुस्त करणारा फोंड्यात नाही,
पणजीत होता, त्याने आता फोनची कव्हरं मांडलीत.
एवढं सगळं सांगून
शनिवारी मीच तिला घेऊन वरच्या बाजारात गेले.

कपाटात कॅल्क्युलेटर होता, रिमोट होते.
मधे धुळीत एक चौकोन, स्वच्छ.
दुकानदार म्हणाला, कालच गेली की.
कुंडईचा कुणी सिक्युरिटीवाला होता.
पैसे मोजले, दारापर्यंत गेला, परत आला,
आणि हळूच विचारतो कसा,
ही नक्की गाते ना?

पिएदाद हसत सुटली.
मग बसस्टँडवर, काही न विचारता,
माझ्या कानातून तिने चालू असलेली बाजू काढून घेतली.